अक्षरे तीच, ओळींचे अंतर वेगळे
डिजिटल व्हिडिओ फितीच्या घरगुती आणि व्यावसायिक प्रकारांची कथा

लांबी ६६ मिलिमीटर, रुंदी ४८ मिलिमीटर, जाडी सुमारे १२ मिलिमीटर. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी अशी ही कॅसेट. १९९५ नंतरची दहा-पंधरा वर्षे लग्ने, स्नेहसंमेलने, सहली, मुलाखती, बातम्या असे बरेच काही तिच्यात साठवले गेले. तिचे नाव मिनीडीव्ही. आपल्या घरात किंवा शाळेच्या कपाटात अशा दोन-चार कॅसेटी अजूनही सापडतील.

या कॅसेटीबद्दल एक कोडे आहे. एकाच कारखान्यातून आलेल्या दोन सारख्या कॅसेटी घेऊ. एकीवर घरगुती कॅमेऱ्याने चित्रण केले, दुसरीवर वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्याने. दोन्हींत फीत तीच. चित्राचे अंकांत रूपांतर करण्याचे नियमही तेच. तरीसुद्धा वृत्तवाहिनीची कॅसेट घरच्या कॅमेऱ्यात घातली, की पडदा कोरा राहण्याची किंवा चित्राचे तुकडे दिसण्याची शक्यता मोठी. उलट घरची कॅसेट व्यावसायिक यंत्रावर बहुधा बिनतक्रार चालते. असे का व्हावे?

उत्तरासाठी शाळेतलेच एक उदाहरण पुरेल. एकेरी, दुरेघी आणि चौरेघी वह्या आपण मुलांना देतो. कागद तोच, अक्षरे तीच, बदलते फक्त ओळींमधले अंतर. माणसाचा डोळा हे अंतर सहज सांभाळून घेतो, यंत्राला मात्र ते आधीच माहीत असावे लागते. डिजिटल व्हिडिओ फितीच्या तीन प्रकारांमध्ये मुख्य फरक होता तो असा ओळींच्या अंतराचा. तो कसा आणि का पडला, ते आता पाहू.

तिरकी रेघ

आधी फितीवर चित्र लिहितात कसे, ते समजून घेऊ. गाण्याच्या जुन्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने एका स्थिर हेडसमोरून सरकते. आवाजासाठी सेकंदाला फार तर पंधरा हजार कंपने नोंदवावी लागतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या दूरदर्शन चित्राला मात्र सेकंदाला सुमारे पन्नास लाख कंपने लागतात, म्हणजे तीनशेहून अधिक पट. त्याच रीतीने चित्र नोंदवायचे ठरवले, तर फीत सेकंदाला जवळजवळ सोळा मीटर पळवावी लागेल आणि एका तासाला ५७ किलोमीटर फीत खर्ची पडेल. पुणे ते लोणावळा या अंतराच्या जवळपास!

यावर उपाय निघाला तो असा, की फितीबरोबर हेडही फिरवायचे. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे असे पहिले व्यवहार्य यंत्र दाखवले. त्याची फीत दोन इंच रुंद होती. तिच्यावरून चार हेडे असलेले चाक आडवे फिरे, त्यामुळे फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर एवढ्या वेगाने सरकली तरी भागत असे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीने या यंत्रावरून बातम्यांचे प्रक्षेपण केले.

सुसंगतीचा प्रश्न मात्र यंत्राबरोबरच जन्माला आला. सुरुवातीच्या काळात ज्या हेडने फीत लिहिली, तिचे वाचनही त्याच हेडने करावे लागे. दोन यंत्रांची चाके तंतोतंत सारखी बनवणे अवघड होते. एका यंत्राची फीत दुसऱ्यावर चालावी यासाठी अभियंत्यांना पुढे बरीच मेहनत घ्यावी लागली.

यानंतर फीत ड्रमभोवती तिरकी गुंडाळण्याची पद्धत आली. तोशिबा कंपनीने १९५९ मध्ये असे यंत्र दाखवले. ड्रम वेगाने फिरतो, फीत त्याच्याभोवती हळूहळू सरकते आणि हेड फितीवर एकापुढे एक तिरक्या रेघा ओढत जाते. या रेघेला ट्रॅक म्हणतात. यानंतरच्या जवळजवळ सगळ्या व्हिडिओ फिती, घरच्या असोत की स्टुडिओच्या, अशा तिरक्या रेघांनीच लिहिल्या गेल्या.

घर आणि स्टुडिओ

१९७१ मध्ये सोनीने पाऊण इंची फितीची यूमॅटिक कॅसेट आणली. ती घराघरांत जावी असा हेतू होता, पण किंमत अशी की ती गेली शिक्षणसंस्थांत आणि बातम्यांच्या विभागांत. घरासाठी १९७५ मध्ये सोनीची बेटामॅक्स आली आणि १९७६ मध्ये जेव्हीसीची व्हीएचएस. दोन्हींची फीत अर्धा इंची, पण कॅसेटचा आकार, फीत ओढून घेण्याची रीत आणि वेग वेगवेगळे. सुरुवातीला बेटामॅक्सवर एक तास, तर व्हीएचएसवर दोन तास चित्रण होई. या चढाओढीत शेवटी व्हीएचएस टिकली आणि बेटामॅक्स विकत घेतलेल्यांच्या हाती बाजारातून दिसेनाशा होणाऱ्या कॅसेटी उरल्या.

त्यात आणखी एक गुंतागुंत होती. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते ६२५ ओळींच्या आणि सेकंदाला २५ चित्रांच्या पाल पद्धतीने. अमेरिकेत ५२५ ओळींची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची एनटीएससी पद्धत होती. त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली बारशाची व्हीएचएस कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसत नसे. कॅसेट बसे, फीत फिरे, चित्र मात्र दिसत नसे.

१९८२ मध्येच सोनीने बातमीदारांसाठी बेटाकॅम आणली. तिची कॅसेट घरगुती बेटामॅक्सच्याच आकाराची होती, आणि कोरी बेटामॅक्स कॅसेट सुरुवातीच्या बेटाकॅम कॅमेऱ्यात वापरताही येई. पण बेटाकॅममध्ये फीत पाच-सहा पट वेगाने पळे आणि चित्राची उजळता व रंग वेगवेगळ्या ट्रॅकवर लिहिले जात. चित्र उत्तम येई, पण एकीचे लेखन दुसरीला वाचता येत नसे. डबी समान आणि लिपी निराळी, असा हा प्रकार.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. सुसंगतीला अनेक पायऱ्या असतात. कॅसेट यंत्रात बसणे ही पहिली. फीत योग्य वेगाने फिरणे ही दुसरी. हेड नेमके रेघेवर पडणे ही तिसरी. रेघेतल्या खुणांचा अर्थ लागणे ही चौथी. एकही पायरी चुकली तरी चित्र दिसत नाही.

दहा कंपन्यांचा करार

बेटामॅक्स आणि व्हीएचएसच्या भांडणात ग्राहकांबरोबर कंपन्यांचेही नुकसान झाले होते. डिजिटल व्हिडिओची वेळ आली तेव्हा त्यांनी शहाणपण दाखवले. १९९३ मध्ये सोनी, मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक), जेव्हीसी, फिलिप्स, तोशिबा, हिताची यांच्यासह दहा कंपन्यांनी एकत्र बसून घरगुती डिजिटल फितीचे नियम ठरवायला घेतले. पुढे त्यांना पन्नासाहून अधिक कंपन्या येऊन मिळाल्या. हे नियम म्हणजेच डीव्ही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने ते ६१८३४ या क्रमांकाचे प्रमाण म्हणून प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये या पद्धतीचे पहिले कॅमेरे बाजारात आले. सोनीचा व्हीएक्स-१००० हा त्यांतला सर्वांत गाजलेला.

नियमांचा गाभा असा. फीत पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंद. पाल पद्धतीत प्रत्येक चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदूंचे. प्रत्येक बिंदूची उजळता नोंदवायची, रंग मात्र चार बिंदूंमागे एकदाच, कारण आपल्या डोळ्याला रंगातले बारकावे उजळतेइतके कळत नाहीत. हा हिशेब केला तर एका चित्राला ६,२२,०८० बाइट लागतात आणि सेकंदाला सुमारे १२.४ कोटी बिट. एवढी माहिती छोट्या फितीवर मावत नाही. म्हणून प्रत्येक चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटींत विभागून गणिती पद्धतीने आवळायचे आणि पाचपट लहान करायचे. उरतात सेकंदाला अडीच कोटी, म्हणजे २५ मेगाबिट. प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे आवळलेले असल्यामुळे संकलन करताना फीत कोणत्याही चित्रावर कापता येते. घरगुती नियमांतला हा एक निर्णय व्यावसायिकांना फार सोयीचा ठरला.

तीनशे रेघांचे गणित

डीव्ही यंत्राच्या ड्रमचा व्यास २१.७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या रुपयाच्या नाण्याएवढा. त्यावर दोन हेडे असतात आणि ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १५० फेरे आणि ३०० रेघा. पाल पद्धतीत एका चित्राला १२ रेघा दिल्या आहेत, १२ गुणिले २५ म्हणजे ३००. एनटीएससीत एका चित्राला १० रेघा, १० गुणिले ३० म्हणजे पुन्हा ३००. (एनटीएससीचा खरा दर ३० पेक्षा किंचित कमी आहे, तो फरक आपण इथे सोडून देऊ.) दोन खंडांतल्या दोन पद्धती एकाच ड्रमवर आणि एकाच वेगाच्या फितीवर बसवण्याची ही युक्ती सुरेख आहे. त्यामुळे पाल आणि एनटीएससी यांच्यातला यांत्रिक अडथळा जवळजवळ नाहीसा झाला. तरीही अनेक घरगुती यंत्रे दुसऱ्या पद्धतीचे चित्र दाखवत नसत, कारण तेवढी सोय त्यांच्यात ठेवलेलीच नसे.

प्रत्येक रेघ सुमारे ३३ मिलिमीटर लांब आणि केवळ १० मायक्रोमीटर रुंद असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो. एका केसाखाली सात रेघा झाकल्या जातील! या रेघांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. शेजारच्या रेघेची सरमिसळ होऊ नये म्हणून दोन्ही हेडांच्या फटी एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना वीस-वीस अंशांनी कललेल्या असतात. त्यामुळे एका हेडने लिहिलेली रेघ दुसऱ्या हेडला अगदी क्षीण जाणवते.

डीव्हीची फीत सेकंदाला १८.८१ मिलिमीटर सरकते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ६८ मीटर फीत असते. कुठे ५७ किलोमीटर आणि कुठे ६८ मीटर!

ओळी रुंद का केल्या?

घरगुती चित्रणाला १० मायक्रोमीटरची रेघ पुरेशी होती. वृत्तवाहिन्यांची गरज वेगळी होती. त्यांची फीत दिवसभरात पाच यंत्रांवर फिरते, संकलनासाठी शंभर वेळा पुढेमागे पळवली जाते, उन्हात आणि धुळीत जाते. दोन यंत्रांच्या जुळणीत तीन मायक्रोमीटरचा फरक पडला, तर १० मायक्रोमीटरच्या रेघेचा जवळजवळ तिसरा हिस्सा हातचा जातो. रेघ १८ मायक्रोमीटर रुंद असेल, तर तेवढ्याच चुकीने सहावा हिस्साच जातो.

म्हणून करारात सहभागी असलेल्या दोन कंपन्यांनी डीव्हीचे व्यावसायिक भाऊ तयार केले. पॅनासॉनिकने १९९५ मध्ये डीव्हीसीप्रो आणली, तिची रेघ १८ मायक्रोमीटर. सोनीने १९९६ मध्ये डीव्हीकॅम आणली, तिची रेघ १५ मायक्रोमीटर. ड्रमचा फिरण्याचा वेग तोच ठेवायचा आणि रेघ रुंद करायची, तर फीत त्याच प्रमाणात वेगाने सरकवावी लागते. डीव्हीकॅमचा वेग सेकंदाला सुमारे २८.२ मिलिमीटर झाला आणि डीव्हीसीप्रोचा सुमारे ३३.८. हे आकडे १८.८१ शी ताडून पाहा. गुणोत्तर १० : १५ : १८ असेच येते. साहजिकच, साठ मिनिटांच्या मिनीडीव्ही कॅसेटवर डीव्हीकॅम पद्धतीने चाळीस मिनिटांचेच चित्रण होते.

फरक रेघेच्या रुंदीवरच थांबला नाही. घरगुती डीव्ही आणि डीव्हीकॅम यांच्या फितीवर निर्वात जागेत धातूच्या वाफेचा अतिशय पातळ थर बसवलेला असतो. पॅनासॉनिकने धातूची बारीक पूड चिकटवलेली फीत निवडली, कारण ती वारंवार पुढेमागे पळवण्याला अधिक टिकते, असे त्यांचे गणित होते. शिवाय फितीच्या कडांना दोन सरळ ट्रॅक जोडले. एक यंत्राला वेग सांभाळायला मदत करणारा आणि दुसरा फीत जोरात पळवतानाही आवाज ऐकू येण्यासाठी.

आवाजाच्या बाबतीतही व्यावसायिक प्रकार काटेकोर होते. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. पाल पद्धतीत २५ ने भागले की एका चित्रामागे नेमके १,९२० नमुने येतात. डीव्हीकॅम आणि डीव्हीसीप्रो हा आकडा कसोशीने पाळतात. घरगुती डीव्हीत आवाजाचे घड्याळ चित्राच्या घड्याळापासून किंचित सरकले तरी चालते. घरच्या चित्रणात हे कळतही नाही, पण लांबलचक मुलाखत संकलित करताना ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ शकते.

कोण कोणाची फीत वाचतो?

आता आपले कोडे सुटायला हरकत नाही. सोनीची डीव्हीकॅम यंत्रे घरगुती डीव्ही फीत वाचत. पॅनासॉनिकच्या अनेक डीव्हीसीप्रो यंत्रांवर डीव्ही फीत चाले. मिनीडीव्ही मात्र तिथे मोठ्या आकाराच्या सांगाड्यात, म्हणजे अडॅप्टरमध्ये, बसवून घालावी लागे. नंतरच्या काही यंत्रांत एकमेकांच्या फिती वाचण्याचीही सोय आली. घरगुती कॅमेऱ्याला मात्र फक्त घरगुती डीव्ही वाचता येईल, असेच माहितीपत्रकात लिहिलेले असे.

ही एकमार्गी वाट कशामुळे? रुंद हेड अरुंद रेघ वाचू शकते. शेजारच्या रेघा थोड्या हेडखाली आल्या, तरी त्या विरुद्ध कलाने लिहिलेल्या असल्याने त्रास देत नाहीत. व्यावसायिक यंत्रात फीत दोन-तीन वेगांनी चालवण्याची आणि कोणता वेग हवा हे ओळखण्याची व्यवस्था असे. घरगुती यंत्रात वेगाची ही निवड ठेवणे म्हणजे खर्च वाढवणे. त्यातच व्यापारी कारणही होते. स्वस्त कॅमेऱ्याने व्यावसायिक फीत वाचली, तर महागडे यंत्र कोण घेईल? सोनीचे काही घरगुती कॅमेरे माहितीपत्रकात उल्लेख नसतानाही डीव्हीकॅम फीत वाचतात, असे वापरणाऱ्यांना आढळून आले. म्हणजे भिंत सगळीकडे भौतिकशास्त्राचीच होती असे नाही.

पाल पद्धतीच्या देशांत, म्हणजे आपल्याकडेही, डीव्हीसीप्रोच्या बाबतीत आणखी एक फरक होता. चार बिंदूंमागे एकदा रंग नोंदवायचा हे सगळ्यांना मान्य. पण कोणते चार? ढोबळमानाने सांगायचे, तर डीव्ही आणि डीव्हीकॅममध्ये दोन ओळींतले दोन-दोन बिंदू मिळून एक चौरस, तर डीव्हीसीप्रोत एकाच ओळीतले सलग चार बिंदू. पहिल्यात रंगाचे ३६० गुणिले २८८ नमुने, दुसऱ्यात १८० गुणिले ५७६. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर एकच येते: १,०३,६८०. माहिती तेवढीच, मांडणी निराळी. त्यामुळे इथे अक्षरेसुद्धा थोडी बदललेली होती. एनटीएससी देशांत सगळेच प्रकार सलग चार बिंदूंची मांडणी वापरत, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही.

घर आणि व्यवसाय यांच्यातली रेघ मात्र प्रत्यक्षात पुसट होत गेली. डेन्मार्कचे दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग यांनी ‘फेस्टेन’ हा चित्रपट मुठीत मावणाऱ्या घरगुती मिनीडीव्ही कॅमेऱ्याने चित्रित केला, आणि १९९८ च्या कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिकही मिळाले.

फितीबाहेर आलेले अंक

तीन भावंडांची फारकत झाली ती फितीवर. तारेवर ती पुन्हा एकत्र आली. डीव्हीबरोबरच फायरवायर नावाची जोडणी प्रचारात आली. तिचे प्रमाण १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सोनी तिलाच आयलिंक म्हणे. कॅमेऱ्यातले आवळलेले अंक या तारेतून जसेच्या तसे संगणकात जातात. रेघ दहाची होती की पंधराची, हे तारेला माहीतही नसते. वहीतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, की ओळींचे अंतर उरत नाही, तसेच हे.

पाल पद्धतीत एका चित्रामागे आवाजासह नेमके १,४४,००० बाइट जातात. बारा रेघांनी भागले की रेघेमागे १२,००० बाइट. सेकंदाला ३६ लाख बाइट आणि तासाला सुमारे १३ गिगाबाइट. व्हीएचएसची नक्कल करताना चित्र दर वेळी फिकट होई, इथे दहावी नक्कलही पहिल्यासारखीच, कारण नक्कल होते ती आकड्यांची.

पण तारेतही माणसांनी अडथळा घातलाच. युरोपीय संघाच्या सीमाशुल्कात बाहेरून आलेले चित्र नोंदवू शकणारा कॅमेरा ‘व्हिडिओ रेकॉर्डर’ ठरे आणि त्यावर जास्त कर बसे. म्हणून युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत तारेने अंक बाहेर पाठवता येत, परत आत घेता येत नसत. यंत्र सक्षम असूनही ती वाट मुद्दाम बंद ठेवलेली असे.

आकार तोच, मजकूर निराळा

१९९९ मध्ये सोनीने डिजिटल-८ आणले. ज्यांच्याकडे जुन्या ८ मिलिमीटरच्या कॅसेटी होत्या, त्यांना त्याच कॅसेटवर डीव्हीचे अंक लिहिता यावेत ही कल्पना. काही प्रतिकृती जुने अ‍ॅनलॉग चित्रणही वाचत आणि फायरवायरवरून डिजिटल रूपात देत. जुन्या फिती वाचवू पाहणाऱ्यांना हे कॅमेरे पुढे फार उपयोगी पडले.

२००३ मध्ये चार कंपन्यांनी एचडीव्ही जाहीर केले. कॅसेट तीच मिनीडीव्ही, फीत तीच, सेकंदाला साधारण तेवढेच बिट, पण चित्र उच्च स्पष्टतेचे. हे कसे साधले? प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे न आवळता, आधीच्या-नंतरच्या चित्रांपेक्षा काय बदलले तेवढेच लिहून. त्याची किंमतही मोजावी लागली. डीव्हीत धुळीच्या कणाने एखाद्या चित्रातल्या काही चौकटी बिघडतात. एचडीव्हीत एकमेकांवर अवलंबून असलेल्या बारा चित्रांचा गट, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, हातचा जाऊ शकतो. आणि साध्या डीव्ही यंत्राला ही फीत मुळीच समजत नाही. कॅसेट पाहून आत काय आहे हे सांगता येत नाही, ते असे.

आता घाई कशाची?

पुढे स्मृतिपत्रे आणि हार्ड डिस्क आल्या आणि फितीचे युग संपले. बेटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेटींची विक्री सोनीने मार्च २०१६ मध्ये थांबवली. नव्या संगणकांवर फायरवायरचे छिद्र नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत जे चुंबकीय फितीवरून उतरवून घेतले जाणार नाही, त्यातले बरेचसे कायमचे गमावले जाईल. ती मुदत आता उलटून गेली आहे. फिती त्या दिवशी एकाएकी कोऱ्या झाल्या नाहीत. पण चालू स्थितीतली यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत.

डिजिटल म्हणजे अमर, असा एक गैरसमज आढळतो. व्हीएचएस फीत झिजली तर चित्र हळूहळू खराब होते आणि आपल्याला आधी सूचना मिळते. डिजिटल फितीतल्या बारीक चुका यंत्र गणिताने दुरुस्त करते, त्यामुळे चित्र बराच काळ निर्दोष दिसते. चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या, की एकदम चौकटी फुटू लागतात. सूचना मिळेपर्यंत उशीर झालेला असतो.

यात एक दिलासाही आहे. डीव्हीचे नियम दहा कंपन्यांनी मिळून ठरवले आणि ते प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणून फितीवरून एकदा उतरवलेली डीव्ही फाइल आज एफएफएमपेगसारखी मुक्त संगणक-प्रणाली सहज उघडते. अक्षरे वाचण्याचे नियम कागदावर होते, ते राहिले. ओळींवर नेमके बोट ठेवणारे यंत्र मात्र कागदावरून पुन्हा घडवणे जवळजवळ अशक्य आहे. १० मायक्रोमीटरच्या रेघेवर सेकंदाला तीनशे वेळा अचूक उतरणारे हेड घरच्या कार्यशाळेत बनत नाही.

शाळेत काय करता येईल?

शाळेच्या कपाटातल्या कॅसेटी आधी एकत्र करा आणि विद्यार्थ्यांकडून यादी करून घ्या. कॅसेटचा आकार, तिच्यावरची खूण (मिनीडीव्ही, डीव्हीकॅम, डीव्हीसीप्रो, डिजिटल-८ की एचडीव्ही), वर्ष, प्रसंग आणि चित्रण कोणत्या कॅमेऱ्याने झाले, एवढे नोंदवावे. नुसत्या छापील खुणेवर विसंबू नये, कारण डीव्हीकॅम पद्धतीचे चित्रण साध्या मिनीडीव्ही कॅसेटवरही असू शकते. कॅसेटच्या कडेला पुसणे टाळणारी छोटी सरकपट्टी असते, ती चित्रण रोखणाऱ्या बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे चुकून नवे चित्रण होणार नाही.

यंत्र मिळाले, तर चित्र पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी न घेता फायरवायरने उतरवावे. पहिल्या मार्गाने अंकांचे पुन्हा अ‍ॅनलॉग चित्र होते आणि फितीवरचे मूळ अंक मिळत नाहीत. तासाला १३ गिगाबाइट हा आकडा आता मोठा राहिलेला नाही. मूळ फाइल तशीच जपावी, पाहण्यासाठी लहान नक्कल वेगळी करावी आणि मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

वर्गासाठी तीन छोटे प्रश्न देता येतील. एक, ड्रमचे फेरे आणि फितीचा वेग यांवरून दोन रेघांमध्ये फीत किती मायक्रोमीटर सरकते? (१८.८१ मिलिमीटर भागिले ३००, म्हणजे ६२.७.) दोन, फीत ६२.७ मायक्रोमीटर सरकते आणि तरी रेघ १० मायक्रोमीटरचीच कशी? आकृती काढली की काटकोन त्रिकोण दिसेल आणि रेघेचा कल सुमारे नऊ अंश येईल. तीन, डीव्हीकॅम आणि डीव्हीसीप्रोचे वेग घेऊन हेच गणित पुन्हा करा. कल तोच ठेवला तर १५ आणि १८ मिळतात का, ते मुलांनाच पाहू द्या.